पऱ्यांची बाग चौथ्या दिवशी ओस का पडली?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरामागे चार बाय सहा फुटांची मोकळी जमीन आहे, तिच्या कडेला काही कुंड्या ठेवता येतात, आणि घरात पाच वर्षांची मुलगी व नऊ वर्षांचा मुलगा आहे. गेल्या वर्षी तुम्ही हौसेने ‘पऱ्यांची बाग’ केली. इवलेसे प्लॅस्टिकचे घर, कुंपण, पूल, बाहुल्या असे सगळे आणून मांडले. मुले तीन दिवस रमली, चौथ्या दिवसापासून तिकडे फिरकली नाहीत आणि महिन्याभरात रोपेही वाळून गेली. आता नव्याने सुरुवात करायची आहे, तर या वेळी जंगल घ्यावे, डायनासोर घ्यावेत की फुलपाखरे, आणि त्या जुन्या प्लॅस्टिकच्या घराचे काय करावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे मुलांबरोबर बागा करते आहे; काही शाळांच्या आवारात, काही पाळणाघरांच्या अंगणात, काही लोकांच्या परसात. त्या अनुभवावरून सांगते की तुमचा विषय चुकला नव्हता. पऱ्यांच्या जागी डायनासोर आणले असते तरी चौथा दिवस तसाच गेला असता, कारण तुमची बाग पहिल्याच दिवशी पुरी झाली होती. घर मांडले, पूल ठेवला, बाहुल्या उभ्या केल्या, आणि त्यानंतर त्या गोष्टीत काही घडायचे उरले नाही. जे काही घडणार होते ते रोपांत घडणार होते, पण रोपे तुम्ही नाटकातल्या पडद्यासारखी मागे लावली होती. त्यामुळे कोणता विषय घ्यावा यापेक्षा, घेतलेल्या विषयात रोपांना कोणते काम मिळते आणि ते पाहायला मूल उद्या पुन्हा का येईल, याचा विचार आधी करावा लागतो.

हे शहाणपण मला सुरुवातीपासून होते असे मुळीच नाही. पहिल्या काही वर्षांत एका शाळेत मी समुद्री चाच्यांचे जहाज केले होते. विटा रचून जहाजाचा आकार आखला, मधोमध डोलकाठी रोवली, तिला जुन्या चादरीचे शीड बांधले आणि कडेने निळ्या फुलांची रोपे लाटांसारखी लावली. दोन रविवार खपून ते उभे केले. सोमवारी मुले आली, जहाजाभोवती एक फेरी मारली आणि वाफा खणताना बाजूला टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्याकडे निघून गेली. पुढचे आठ दिवस सगळा खेळ त्या ढिगाऱ्यावर चालला. कुणी बोगदा खणला, कुणी वरून झारी ओतून धरण फोडले, एकाने खिशातले मूठभर मूग तिथे पेरून त्याला शेत म्हटले आणि चौथ्या दिवशी ते उगवल्यावर राखणीला दोन जण बसवले. जहाज माझे होते आणि ढिगारा त्यांचा होता. तेव्हापासून मी बागेचा आराखडा मुलांच्या आधी पुरा करत नाही, आणि मातीचा एक ढीग मुद्दाम शिल्लक ठेवते.

आता जे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी सांगून टाकते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ऊन. सूर्यफूल, झेंडू, वेलवर्गीय शेंगा यांना दिवसाला निदान सहा तास थेट ऊन लागते. पालेभाज्या आणि पुदिना तीन-चार तासांतही भागवून घेतात. नेचे तर सावलीतच सुखी असतात. तुमच्या जागेवर किती ऊन येते हे अंदाजाने ठरवू नका. एका सुट्टीच्या दिवशी दर दोन तासांनी सावलीची कड जिथे असेल तिथे काड्या रोवण्याचे काम नऊ वर्षांच्या मुलाला द्या. संध्याकाळपर्यंत त्या जागेचा उन्हाचा नकाशा तयार होतो आणि बागेतला पहिला हक्काचा जाणकार घरातच तयार होतो. हंगामही पाहावा लागेल. कडाक्याच्या थंडीत किंवा मुसळधार पावसात यातले बरेच काही उगवणार नाही. हेच सगळे गच्चीवर करण्याचा विचार असेल तर वजनाचा हिशेब आधी करा, कारण चार बाय सहा फुटांच्या वाफ्यात एक फूट माती भरली तर ओली असताना ती साधारण एक टन भरते. शेवटी, तुम्ही स्वतः रोज दहा मिनिटे देऊ शकता का, हे प्रामाणिकपणे ठरवा. देऊ शकत नसाल तर जमीन सोडा आणि चारच कुंड्यांची बाग करा. लहान बाग जगते, मोठी बाग अपराधी वाटायला लावते.

विषय निवडताना मुलांना विचारायचे, हे सगळेच सांगतात. पण ‘तुला कसली बाग हवी?’ असे विचारले की मूल शेवटच्या पाहिलेल्या कार्टूनचे नाव सांगते आणि आपण त्या कार्टूनची खेळणी शोधायला निघतो. मी मुलांबरोबर त्या मोकळ्या जमिनीशेजारी बसते आणि विचारते, ‘इथे कोण राहत असेल?’ उत्तर आले की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. तो झोपतो कुठे, लपतो कुठे, पाऊस आला की काय करतो, त्याला कोणाची भीती वाटते, त्याच्या घरी कोणी आले तर त्याला कळते कसे? या प्रत्येक उत्तराला एखादे रोप सापडते. गोष्ट मूल सांगते आणि तिच्यासाठी रोपे शोधायची जबाबदारी आपली.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण माझी सगळी पद्धत त्यात आहे. सहा वर्षांच्या एका मुलाने सांगितले की इथे एक भित्रा सिंह राहतो आणि कोणी न सांगता आलेले त्याला आवडत नाही. मग सिंहाला पहारेकरी हवा असे ठरले. मी लाजाळूचे रोप आणले आणि ‘गुहे’च्या वाटेवर कुंडीसह पुरले. हात लागला की लाजाळूची पाने मिटतात आणि पुन्हा उघडायला दहा ते वीस मिनिटे लागतात, म्हणजे पाने मिटलेली दिसली तर कोणीतरी नुकतेच इथून गेले आहे, असा नियम त्याने स्वतः केला. पहिले दोन दिवस तो दर अर्ध्या तासाने पहारा तपासत होता. मांजर गेल्याचे त्याने एकदा बरोबर ओळखले. तिसऱ्या दिवशी त्याच्या आईने सांगितले की तो रात्री झोपायला तयार नाही, कारण अंधार पडल्यावर त्याने पाहिले तर झाडाची सगळीच्या सगळी पाने मिटलेली होती आणि एवढे कोण येऊन गेले हे त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही याचा छडा लावायचे ठरवले. लाजाळू रात्री आपोआप मिटते हे मी सांगितले असते तर प्रकरण तिथेच संपले असते. त्याऐवजी मी विचारले, ‘तिला रात्र झाल्याचे कळते कसे?’ अंधारामुळे, असे तो म्हणाला. म्हणून आम्ही दुसरी एक कुंडी दिवसभर अंधाऱ्या कपाटात ठेवली आणि हळूच फट करून पाहिले, तर आत काळोख असूनही पाने दिवसा उघडलेली होती. हाच प्रयोग १७२९ मध्ये झां-झाक द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने केला होता, आणि सजीवांच्या अंगातल्या घड्याळाचा विचार तिथून सुरू झाला, असे मानले जाते. त्या मुलाला मेराँशी काही देणेघेणे नव्हते. ‘हिच्या पोटात घड्याळ आहे’ एवढे त्याने जाहीर केले आणि सिंहाच्या बागेत पहारेकऱ्याची रात्रपाळी बंद झाली. पुढचे तीन महिने तो त्या बागेत रोज जात होता. सिंहाची एकही मूर्ती आम्ही आणली नव्हती. (लाजाळूला बारीक काटे असतात आणि ती मोकळ्या जमिनीत तणासारखी पसरते, म्हणून ती कायम कुंडीतच ठेवावी.)

आता तुम्ही विचारलेल्या विषयांकडे येते.

तुमचे ‘जंगल’ मी चार बाय सहाच्या जागेत वेलींच्या तंबूने सुरू करीन. सूर्यफुलांची गोल भिंत करून आत बसायची खोली हा प्रकार मुलांना फार आवडतो, पण त्याला निदान पाच फूट व्यासाचे वर्तुळ लागते आणि तेवढी रुंदी तुमच्याकडे नाही. त्यापेक्षा सात-सात फुटांच्या सहा काठ्या घ्या, जागेच्या एका टोकाला साडेतीन फूट व्यासाच्या वर्तुळावर त्या फूटभर खोल रोवा, वरची टोके एकत्र घट्ट बांधा आणि समोरच्या दोन काठ्यांमध्ये दाराइतकी फट जरा मोठी ठेवा. काठ्यांभोवती खालपासून सुतळीचे तीन-चार वेढे द्या, म्हणजे वेलाला आडवेही पसरता येईल. प्रत्येक काठीपाशी वेलवर्गीय घेवड्याच्या किंवा चवळीच्या तीन बिया इंचभर खोल पेरा. आठवड्याभरात कोंब वर येतात आणि सहा ते आठ आठवड्यांत तंबू झाकला जातो. पाच वर्षांची मुलगी त्यात आरामात बसते. नऊ वर्षांचा मुलगा वाकून बसतो आणि तरीही बाहेर यायला तयार नसतो.

या तंबूची खरी गंमत मात्र तो भरण्याआधी असते. घेवड्याचा वाढता शेंडा हवेत आधार शोधत गोल फिरतो. चार्ल्स डार्विन यांनी वेलींच्या या हालचालींवर १८६५ मध्ये दीर्घ निबंध प्रसिद्ध केला, आणि घेवड्याच्या शेंड्याला एक फेरी पुरी करायला त्यांनी सुमारे दोन तास मोजले होते. उबदार दिवशी तुमचा मुलगाही ते मोजू शकतो. शेंडा ज्या दिशेला आहे तिकडे जमिनीत काडी रोवायची आणि अर्ध्या तासाने परत यायचे. शेंडा सरकलेला पाहिल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे येते ते मी कितीही वेळा पाहिले तरी मला पुरेसे वाटत नाही. ‘तो आपल्याला शोधतोय’ असे एका मुलीने कुजबुजत सांगितले होते. तिने मग काठी जवळ नेऊन त्याला पकडू दिली. एक दक्षता मात्र घ्या. घेवड्याच्या कच्च्या बिया पोटाला बाधतात, म्हणून शेंगा तोडून तिथेच खायच्या नाहीत, हा नियम तंबूच्या दारातच सांगून ठेवावा.

डायनासोर हा विषय मला सुरुवातीला आवडत नसे, कारण तो प्लॅस्टिकच्या प्राण्यांकडे फार लवकर घसरतो. माझे मत एका नऊ वर्षांच्या मुलानेच बदलले. मी वाफ्याच्या कडेला झेंडू लावत होते आणि तो म्हणाला की हे चुकीचे आहे, त्या वेळी फुले नव्हती. त्याचे म्हणणे बरोबर होते. डायनासोरांच्या काळापैकी ज्युरासिक कालखंड सुमारे २०.१ कोटी ते १४.५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आणि फुलझाडांचे निर्विवाद जीवाश्म साधारण १३ कोटी वर्षांपूर्वीपासून मिळतात. म्हणजे ज्युरासिक बागेत फूल उमलले की ती बाग खोटी ठरते! तेव्हापासून आमच्या डायनासोर बागेचा एकच नियम असतो : फुलणारे काहीही आत येणार नाही. मग उरतात नेचे, शेवाळ आणि दगड, आणि सावलीतल्या दुर्लक्षित कोपऱ्याचे सोने होते. मोठ्या वयाच्या मुलांना अशी अट फार मानवते. प्रत्येक रोपाची ते झडती घेतात. गवताचा वाद तर आमच्याकडे दोन हंगाम चालला, कारण अगदी शेवटच्या काळातल्या डायनासोरच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. ‘शेणामुळे गवताला प्रवेश मिळाला’ हा निकाल मुलांनी टाळ्या वाजवून मान्य केला. सायकस हे ताडासारखे दिसणारे शोभेचे झाड मात्र त्या काळाला कितीही शोभत असले तरी लावू नका. त्याचा प्रत्येक भाग विषारी असतो आणि बिया सर्वांत जास्त.

फुलपाखरांच्या बागेबद्दल थोडक्यात सांगते. बहुतेक लोक तिथे फक्त फुले लावतात आणि मग फुलपाखरे येऊन निघून जातात. मुलांना गुंतवणारी गोष्ट फुलात नसून कुरतडलेल्या पानात असते. कुंडीत लिंबाचे एक रोप ठेवा, त्यावर कसलीही फवारणी करू नका आणि कोवळ्या पानांकडे लक्ष ठेवा. लिंबावर वाढणाऱ्या फुलपाखरांची अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि हे समजल्यावर कोणतेही मूल तिला दिवसातून पाच वेळा पाहिल्याशिवाय राहत नाही. अळीने अर्धे रोप फस्त केले तरी तुम्हाला हळहळता येणार नाही, कारण ते रोप तिच्यासाठीच आणले होते, हे मुलांना आधीच सांगून ठेवलेले असते.

घड्याळाची बाग, म्हणजे दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी उमलणाऱ्या फुलांची बाग, ही कल्पना कार्ल लिनिअस यांनी १७५१ मध्ये मांडली होती. ती ऐकायला मोहक आहे, पण फुले ऊन, ढग आणि हंगाम यांप्रमाणे वेळ बदलतात, त्यामुळे पूर्ण घड्याळाच्या नादी लागू नका. दोनच रोपे पुरे : ऊन चढल्यावर उघडणारा चिनी गुलाब आणि दिवस कलल्यावर उमलणारा गुलबास. ‘कामावर कोण आले आणि घरी कोण गेले’ एवढा खेळ त्यातून होतो. गुलबासाच्या मिरीसारख्या काळ्या बिया मुलांना गोळा करायला आवडतात. त्या विषारी असतात, म्हणून मोजून डबीत ठेवायच्या.

इथपर्यंतचे एकत्र करून तुमच्यासाठी मी असे सुचवीन. सामायिक गोष्ट म्हणून वेलींचा तंबू घ्या आणि उरलेल्या जागेत दोघांना दोन वेगळे वाफे द्या. बालवाडीचे जनक फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या संस्थेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले, तेव्हा त्यांच्याकडे खरोखरच्या बागा होत्या : प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा आणि त्याशिवाय सगळ्यांनी मिळून सांभाळायचे वाफे. ही विभागणी अजूनही तितकीच उपयोगी आहे. भावंडांना एकच बाग दिली की मोठा ठरवतो आणि लहानगी पाणी घालते. आठवड्याभरात ती कंटाळते. दोघांमध्ये सीमा आखा, सीमेवर चपटे दगड ठेवून वाट करा आणि एकाच्या ‘देशात’ दुसऱ्याने जायचे असेल तर परवानगी लागेल असे ठरवा. त्याच्या देशात डायनासोर आणि तिच्या देशात पऱ्या सुखाने शेजारी नांदतात. तुमच्या मुलीला अजूनही पऱ्याच हव्या असतील तर असू द्या. फक्त या वेळी परीचे अंथरूण, तिचे दार आणि तिची छत्री ही कोणत्या रोपाची असतील, हे तिला ठरवू द्या. एकीने पुदिन्याला परीचे स्नानगृह केले होते, कारण तिथे ‘अंघोळीचा वास येतो’.

वाफ्याची रुंदी मुलाचा हात मधोमध पोचेल एवढीच ठेवा. एका बाजूने काम करायचे असेल तर दोन फुटांपेक्षा जास्त नको, नाहीतर मूल आत पाय टाकणारच आणि मग आपण ओरडणारच. झारी लिटरभराचीच द्या. मोठी झारी पाच वर्षांच्या हातात एकदम उलटते आणि रोप मुळासकट वाहून जाते. पाणी घालायचे की नाही हे बोटाला ठरवू द्या. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालायचे, ओल लागली तर झारी खाली ठेवायची. गेल्या वर्षीची तुमची रोपे उन्हाने गेली असे तुम्हाला वाटते, पण कुंडीच्या तळाला भोके होती का, तेही एकदा पाहून घ्या. पहिल्या तीन दिवसांच्या उत्साहात मुले जेवढी रोपे बुडवतात तेवढी नंतरच्या दुर्लक्षाने वाळत नाहीत, असे मला दिसले आहे.

बियांच्या वेगाकडे विशेष लक्ष द्या. पाच वर्षांच्या मुलीसाठी आठवडा हा फार मोठा काळ असतो, म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांत काहीतरी उगवलेच पाहिजे. मेथी आणि मोहरी हे काम चोख करतात. मुळाही लवकर दिसतो, आणि छोट्या गोल जातीचा मुळा सुमारे महिन्याभरात उपटण्याजोगा होतो. त्यांच्या मागोमाग घेवडा येतो. झेंडूला बी पेरल्यापासून फुलायला साधारण दोन महिने लागतात आणि उंच सूर्यफुलाला अडीच-तीन महिने. हे सगळे एकाच दिवशी पेरले तरी बातम्या वेगवेगळ्या आठवड्यांत येत राहतात. मेथीचे रान परीसाठी पहिल्या आठवड्यातच उभे राहते आणि कापले की पुन्हा पेरता येते. बी किती खोल पेरायचे याचा सोपा हिशेब म्हणजे बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. लहान बोटांना घेवडा आणि सूर्यफूल यांच्या मोठ्या बिया सोप्या जातात. मोहरीसारखे बारीक बी थोड्या कोरड्या मातीत मिसळून भुरभुरायला द्या.

पेरल्यानंतर बी उकरून पाहणे ही सार्वत्रिक खोड आहे. माझ्याकडची एक मुलगी आपला घेवडा रोज सकाळी उपटून ‘पाय फुटले का’ ते पाही आणि पुन्हा पुरून ठेवी. तिला रागावून काही उपयोग झाला नाही. शेवटी मी एक काचेची बरणी आणली, आतून ओला टिपकागद लावला आणि कागद व काच यांच्यामध्ये चार बिया सरकवल्या. ‘जमिनीतल्यांना झोपू द्यायचे, पाहायचे असेल तर इथे पाहायचे,’ असे ठरले. तिसऱ्या दिवशी बरणीतल्या बीला पांढरे मूळ फुटले. तिने बरणी आडवी करून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी मूळ वळून पुन्हा खाली निघाले. मग तिने ती रोज फिरवायला सुरुवात केली आणि आठवड्याभरात त्या मुळाची जिलबी झाली. जमिनीतला घेवडा दरम्यान निवांत वाढला. ही बरणी तुम्ही पहिल्याच दिवशी करा.

सुरक्षिततेबद्दल मी कडक आहे. कण्हेर, धोतरा, एरंड, गुंज आणि डायफेनबाकिया (शोभेसाठी कुंडीत लावतात ते) ही झाडे मुलांच्या बागेत कोणत्याही गोष्टीसाठी नकोत. आधीपासून परसात असतील तर मुलांना ती नावानिशी ओळखायला शिकवा. ‘मोठ्यांना विचारल्याशिवाय बागेतले काहीच तोंडात घालायचे नाही’ हा एक नियम लहान मुलीला पुरतो. कोणते खायचे आणि कोणते नाही याची यादी तिला पाठ होत नाही. परीचे तळे हवे असेल तर ते बशीएवढे उथळ ठेवा आणि रोज पाणी बदला, कारण साठलेल्या पाण्यात डास होतात आणि अगदी लहान मुलांना काही सेंटिमीटर पाणीही धोक्याचे ठरते. मातीत हात घातल्यावर साबणाने धुणे आणि धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असणे, हे तुम्हाला ठाऊकच असेल.

आणि काही रोपे मरतील. त्या वेळी काय करायचे हे आधी ठरवून ठेवा. मी एकदा एका मुलाचे मेलेले झेंडूचे रोप रात्री गुपचूप काढून तिथे तसेच दुसरे लावले. सकाळी त्याने ते पाहिले, खाली बसून पाने चाळली आणि म्हणाला, ‘हे ते नाही. त्याच्या पानाला भोक होते.’ तो चिडला नाही, पण नंतर कितीतरी दिवस तो प्रत्येक रोपाकडे संशयाने पाहत असे आणि माझ्याकडेही. आता मी मेलेले रोप मुलांसमोरच उपटते, मुळे पाहतो, कुजली आहेत की सुकली आहेत त्याची चर्चा होते आणि ते खताच्या ढिगात जाते. गोष्टीत त्याचे काय झाले ते मुले स्वतः सांगतात. बहुतेक वेळा ते पात्र प्रवासाला गेलेले असते.

राहता राहिले ते प्लॅस्टिकचे घर. ते टाकू नका आणि वाफ्याच्या मधोमध पुन्हा मांडूही नका. ते मुलीच्या ताब्यात द्या आणि तिच्या वाफ्यातल्या सर्वांत सावलीच्या, ओलसर कोपऱ्यात, नेच्याच्या पानांखाली, अर्धे मातीत दडवून ठेवायला सांगा. दार किंचित उघडे राहू द्या आणि आत चार वाळकी पाने टाका. ओलाव्याला आणि अंधाराला कोणीतरी राहायला येतेच. माझ्याकडच्या अशाच एका घरात आधी गोगलगाय आली, मग पैसा किडे आले आणि पावसाच्या तोंडावर एक बेडूक येऊन बसला, तो इतका मोठा की त्याचे तोंड दारातून आणि एक पाय खिडकीतून बाहेर होता. मुलांनी त्याला घराचे भाडे मागायचे ठरवले होते. पण मागायला कोणी जायचे, यावर त्यांचे शेवटपर्यंत एकमत झाले नाही.